गेम अडखळतो तेव्हा: लिनक्सवरचे सीपीयू शेड्युलर कसे मोजायचे, कुठला ठेवायचा

१४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमच्या वाट्याला ६.९४ मिलिसेकंद येतात. ६० हर्ट्झवर १६.६७. तेवढ्या वेळात गेमच्या मुख्य थ्रेडने (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) हिशेब उरकायचा, कामगार थ्रेडनी आपापले तुकडे परत द्यायचे आणि रेंडर थ्रेडने ग्राफिक्स कार्डाला काम लावायचं. यातला एखादा थ्रेड तयार उभा असताना त्याला कोअर (प्रोसेसरमधलं एक कामाचं केंद्र) मिळायला ५ मिलिसेकंद लागले, की ती फ्रेम हुकली. १४४ एफपीएसने (सेकंदाला १४४ फ्रेम) मिनिटाला ८,६४० फ्रेम होतात. त्यातल्या वीस हुकल्या तरी सरासरी हलत नाही. डोळ्याला मात्र त्या वीसही लागतात, भातात खडा लागावा तशा.

त्यामुळे शेड्युलर बदलून सरासरी एफपीएस वाढेल ही आशा आधीच सोडून द्या. शेड्युलरच्या हातात एकच गोष्ट असते: तयार असलेल्या थ्रेडपैकी कोणाला, कुठल्या कोअरवर, किती वेळ बसवायचं. कोअर रिकामे असतील तर त्याला ठरवायला फारसं काही उरत नाही. मागे कंपाइल चालू आहे, ओबीएस रेकॉर्डिंग करतंय, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे आहेत आणि पुढे गेम आहे, अशा गर्दीतच एका शेड्युलरचा दुसऱ्यापासून फरक कळतो.

आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टंकायची.

दोष शेड्युलरचाच आहे का?

हे तपासायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती न घालवल्यामुळे लोक आठवडाभर कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलत बसतात. गेम चालू ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमध्ये हे बघा:

कॅट /प्रॉक/प्रेशर/सीपीयू

‘सम’ या ओळीत ‘एव्हीजी१०’ हा आकडा दिसेल. गेल्या १० सेकंदांपैकी किती टक्के वेळ निदान एक तरी काम कोअरची वाट बघत उभं होतं, ते तो सांगतो. कर्नल ४.२० पासून ही सोय आहे. गेम अडखळतोय आणि हा आकडा दोन-तीनच्या खाली असेल, तर शेड्युलर निर्दोष आहे असं धरून चाला. शेजारच्याच ‘मेमरी’ आणि ‘आयओ’ या फाइली उघडा. मेमरीच्या ‘फुल’ ओळीतला आकडा वर चढत असेल, तर रॅम अपुरी पडून स्वॅप चालू झालेला आहे. त्यावर इलाज शेड्युलरचा नाही, रॅमच्या पट्टीचा.

बाकीचे नेहमीचे संशयितही आधीच बाजूला काढा. नव्या जागी पहिल्यांदा गेलं की झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, हे शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्याचं लक्षण. दहा-पंधरा मिनिटं ठीक चालून मग घसरण सुरू झाली तर तापमान बघा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉप आपली घड्याळगती स्वतःच उतरवतो, तिथे कुठलाही शेड्युलर काही करू शकत नाही. काही जुने विंडोज गेम ‘स्प्लिट लॉक’ नावाचा प्रकार करतात. ५.१९ पासून कर्नल अशा प्रोग्रॅमला मुद्दाम संथ करतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘स्प्लिट लॉक’ची ओळ दिसली तर ‘कर्नल.स्प्लिट_लॉक_मिटिगेट’ हे सिसकंट्रोलमधून शून्य करा (६.२ पासून उपलब्ध). असा गेम इतका सुधारतो, की श्रेय भलत्याच शेड्युलरला दिलं जातं.

हे सगळं करून संशय कायम राहिला तर पुराव्यासाठी ‘परफ’ हे मोजणीचं साधन आहे. अडखळण्याच्या जागी गेम नेऊन, रूट म्हणून:

परफ शेड रेकॉर्ड स्लीप १०
परफ शेड लॅटन्सी --सॉर्ट मॅक्स

यादीत गेमच्या थ्रेडची नावं शोधा आणि शेवटाकडचा ‘मॅक्स डिले’ वाचा: थ्रेड तयार झाल्यापासून कोअरवर बसेपर्यंतचा सर्वांत मोठा खोळंबा. समजा रेंडर थ्रेडचा हा आकडा ८ मिलिसेकंद आहे आणि तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, चोर सापडला. आकडा १ मिलिसेकंदाच्या आत आहे आणि तरी एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद घेते, तर तो थ्रेड रांगेत उभा नव्हता. तो स्वतःच काम करत होता, नाहीतर डिस्क, कुलूप किंवा ग्राफिक्स कार्डाची वाट बघत झोपला होता. तिथे शेड्युलर बदलणं म्हणजे दुखणं पोटात आणि लेप कपाळाला.

रिंगणात कोण कोण

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. डबे रांगेत आहेत. कोणाचं दहा किलो गव्हाचं दळण, कोणाची अर्धा किलो भाजणी.

सीएफएस, म्हणजे २००७ च्या २.६.२३ पासून चालत आलेला इंगो मोल्नार यांचा शेड्युलर, एवढंच बघायचा की आजवर सर्वांत कमी दळून कोणाला मिळालंय. त्याचा नंबर पुढे. वाटणी न्याय्य, पण ‘मला थोडंच हवंय, पण लगेच हवंय’ हे सांगायची नीट सोय त्यात नव्हती. ती उणीव ट्यूनिंगच्या खुंट्या पिरगाळून आणि अंदाजी नियम लावून भरून काढली जायची. मेलबर्नचे भूलतज्ज्ञ कॉन कोलिवास यांनी २००९ मध्ये बीएफएस आणि २०१६ मध्ये त्याचा वारस मक्सएस लिहिला, तो डेस्कटॉपच्या याच तक्रारीवर. दोन्ही मुख्य कर्नलच्या बाहेरच राहिले, आणि २०२१ नंतर कोलिवास यांनी हे काम थांबवलं. आजही गेमिंगच्या जुन्या मार्गदर्शिकांत मक्सएसची शिफारस सापडते. ती सोडून द्या.

ईईव्हीडीएफ ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ कर्नलपासून मूळ शेड्युलर आहे. कल्पना १९९५ ची, आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांची. कर्नलमध्ये ती पीटर झिल्स्त्रा यांनी आणली. यात प्रत्येक डब्याला एक मुदत लागते. आपल्या हिश्शापेक्षा जास्त दळून नेलेल्याला आधी थांबवलं जातं; उरलेल्या पात्र डब्यांत ज्याची मुदत सर्वांत जवळची, तो आधी. लहान काप (कोअरवर एका बैठकीचा वेळ) मागणाऱ्याची मुदत जवळ पडते, म्हणून त्याला नंबर लवकर मिळतो, पण एकूण पीठ वाजवीपेक्षा जास्त मिळत नाही. आठ किंवा जास्त थ्रेडच्या प्रोसेसरवर हा काप मुळात सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो. ६.१२ पर्यंत यातले राहिलेले भाग पूर्ण झाले, त्यामुळे ६.६ वर बघून ‘ईईव्हीडीएफ ठीक नाही’ असं मत बनवलं असेल तर ते पुन्हा तपासा.

बोर हा ईईव्हीडीएफवर चढवलेला पॅच, मासाहितो सुझुकी यांचा. नावावर जाऊ नका. एखादं काम स्वतःहून न थांबता एका दमात किती वेळ कोअर अडवतं, त्याचा हा हिशेब ठेवतो. थोडं दळून बाजूला होणाऱ्याला झुकतं माप, जात्यावर ठाण मांडणाऱ्याला मागे. यातली एक बारीक गोष्ट गेमरच्या कामाची आहे: कंपाइल करताना सेकंदाला शेकडो नवे प्रोसेस जन्मतात, आणि प्रत्येकाची पाटी कोरी धरली तर प्रत्येक जण ‘मी थोडंच घेणारा’ म्हणून पुढे घुसेल. बोरमध्ये पोरांना आईबापांच्या खात्यावरचा बोजा वारशाने मिळतो, म्हणून ती पळवाट बंद आहे. उलट बाजूही आहेच. काही गेमचा मुख्य थ्रेडच एका दमात लांब काम करतो. अशा गेमला बोर ‘ठाण मांडणारा’ समजू शकतो आणि फायदा शून्य होतो.

शेड-एक्स्ट (आज्ञांमध्ये ‘एससीएक्स’) हा स्वतः शेड्युलर नाही, शेड्युलर बसवायची खोबणी आहे. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून ती मुख्य कर्नलमध्ये आहे. बीपीएफच्या (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीच्या) आधारे लिहिलेला शेड्युलर चालू मशीनवर चढवता येतो, उतरवता येतो, रीबूट लागत नाही. गेमसाठी यातला बघण्यासारखा म्हणजे लॅव्हड. इगालिया कंपनीच्या चांगवू मिन यांनी तो लिहिला, व्हॉल्व्हच्या पाठबळावर, त्यांचा हातात धरायचा गेमिंग पीसी स्टीम डेक डोळ्यांसमोर ठेवून. तो बघतो की कोणता थ्रेड वारंवार दुसऱ्याला उठवतो आणि स्वतःही वारंवार उठवला जातो. म्हणजे साखळीच्या मधोमध कोण आहे, कोणाचं दळण अडलं की मागचे चार जण उपाशी राहतात. त्याला लवकरची मुदत. गेमची रचना नेमकी अशीच साखळीची असते, म्हणून कल्पना पटते. याखेरीज आंद्रेआ रीगी यांचा बीपीएफलँड आहे. झोपून-उठून काम करणाऱ्यांना तो पुढे घेतो, आणि गेमबरोबर रोजचा डेस्कटॉपही जड चालत असेल तर बरा. रस्टी हा बहुतेक सर्व्हरच्या कामाचा. गेमसाठी त्यावर वेळ घालवू नये.

मोजणी

इथेच बहुतेकांची तुलना फसते, म्हणून जरा थांबून बघू.

मँगोहड (फ्रेमची नोंद ठेवणारं साधन) बसवा. स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये ‘मँगोहड %कमांड%’ लिहा. मँगोहडच्या कॉन्फ फाइलीत लॉग-ड्युरेशन ६०, लॉग-इंटरव्हल ० (म्हणजे प्रत्येक फ्रेमची नोंद) आणि आउटपुट-फोल्डरची जागा द्या. गेममध्ये डावी शिफ्ट आणि एफ२ दाबलं की नोंद सुरू होते. सीएसव्ही फाइल मिळते. वरच्या ओळींत मशीनची माहिती, खाली फ्रेमटाइम मिलिसेकंदांत. एक गंमत लक्षात ठेवा: त्या माहितीत ‘सीपीयू शेड्युलर’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘परफॉर्मन्स’ किंवा ‘पॉवरसेव्ह’ लिहिलेलं दिसतं. तो शेड्युलर नव्हे, घड्याळगती ठरवणारा गव्हर्नर आहे. नाव चुकीचं आहे, एवढंच. खरा शेड्युलर तुम्हीच फाइलीच्या नावात लिहून ठेवा.

पूर्वतयारी: पॉवर प्रोफाइल एकच ठेवा, ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल सेट परफॉर्मन्स’. ती बदलली तर तुम्ही शेड्युलर मोजत नसून घड्याळगती मोजताय. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद. अनानिसी-सीपीपी किंवा गेममोडसारखं नाइस (प्रोसेसचा अग्रक्रम) बदलणारं काहीही बंद, नाहीतर दोन हात एकाच सुकाणूवर. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर असेल तर रेझोल्युशन उतरवून ते ८० च्या आसपास आणा. कार्डच अडलेलं असेल तर सीपीयूच्या रांगेतला फरक त्यामागे झाकला जातो. (शेवटी एकदा तुमच्या नेहमीच्या सेटिंगवरही मोजा. तिथे फरक दिसत नसेल तर तो तुमच्या कामाचा नाही.)

गेममध्ये स्वतःचा बेंचमार्क असेल तर उत्तम. नसेल तर एकच सेव्ह आणि ठरलेली ६० सेकंदांची वाट. पहिली फेरी फेकून द्या. त्यात शेडर आणि डिस्क कॅशची भेसळ असते.

मागची गर्दी दोन प्रकारची करून बघा. एक, स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर कृत्रिम भार टाकणारा प्रोग्रॅम), जितके थ्रेड तितके कामगार. दोन, खरंखुरं कंपाइल: कर्नलचा सोर्स घेऊन ‘मेक’, पुन्हा थ्रेडइतक्याच जॉबसह. दोन्ही करायचं कारण असं, की स्ट्रेस-एनजीचे कामगार अखंड दळत बसतात आणि त्यांना ओळखणं कुठल्याही शेड्युलरला सोपं जातं. कंपाइलमध्ये क्षणभर जगणारे शेकडो प्रोसेस असतात, डिस्कवर झोपणं असतं. तिथे निकाल अनेकदा उलटतो. फक्त स्ट्रेस-एनजीवर केलेली तुलना वाचली तर तिला अर्धीच माना.

क्रम ‘अ, ब, ब, अ’ असा ठेवा. सगळे ‘अ’ आधी आणि सगळे ‘ब’ नंतर केले तर ब च्या वेळी मशीन तापलेलं असतं आणि ब उगाच हरतो. असे निदान तीन संच घ्या.

आता आकडा कुठला बघायचा? सगळे ‘०.१ टक्का लो’ (सर्वांत संथ ०.१ टक्का फ्रेमची सरासरी) सांगतात. ६० सेकंद, ६० एफपीएस म्हणजे ३,६०० फ्रेम, त्यांचा ०.१ टक्का म्हणजे तीन-चार फ्रेम. तीन-चार फ्रेमच्या सरासरीवर शेड्युलरचा न्याय करणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा. त्यापेक्षा मोजदाद करा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सीएसव्ही उघडून फ्रेमटाइमच्या स्तंभावर काउंटइफ लावा: ठरलेल्या वेळेच्या दुपटीहून लांब फ्रेम किती? १४४ हर्ट्झला १३.९ मिलिसेकंदांवर, ६० हर्ट्झला ३३.३ वर. हा आकडा फेरीगणिक इतका उड्या मारत नाही. सोबत सर्वांत लांब फ्रेम आणि १ टक्का लो ठेवा. एकाच शेड्युलरच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून दोन शेड्युलरमधला फरक कमी असेल तर निकाल ‘बरोबरी’. तो खुशाल लिहून मोकळं व्हा.

‘सायक्लिकटेस्ट’ या विलंब मोजणाऱ्या साधनाचे आकडे इथे आणू नका. ते बहुधा रिअल-टाइम अग्रक्रमावर चालवलं जातं, तुमचा गेम तसा चालत नाही.

एकाच कर्नलवर तिघांची तुलना

वेगवेगळे कर्नल बूट करून तुलना केली तर दहा गोष्टी एकदम बदलतात: टिक (कर्नलच्या घड्याळाचा ठोका) २५० हर्ट्झचा की १,०००, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवायची मुभा) कुठलं, कंपायलरचे पर्याय कोणते. म्हणून बोर असलेला आणि शेड-एक्स्ट चालू असलेला एकच कर्नल घ्या. कॅचीओएसचा बोर कर्नल त्यासाठी सोयीचा. शेड-एक्स्ट आहे का ते असं कळतं:

झेडग्रेप शेड_क्लास_ईएक्सटी /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड

(यातलं शोधायचं नाव मोठ्या अक्षरांत. ही फाइल नसेल तर बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत शोधा.) उत्तर ‘वाय’ हवं.

बोर बंद करायला ‘सिसकंट्रोल कर्नल.शेड_बोर=०’, चालू करायला १. शून्यावर उरतो तो जवळजवळ साधा ईईव्हीडीएफ. लॅव्हडसाठी आर्चवर ‘एससीएक्स-शेड्स’ आणि ‘एससीएक्स-टूल्स’ ही पॅकेजं, मग:

एससीएक्ससीटीएल स्टार्ट --शेड लॅव्हड --मोड गेमिंग
एससीएक्ससीटीएल गेट
एससीएक्ससीटीएल स्टॉप

चढला की नाही याची खात्री आज्ञेच्या उत्तरावरून नको, कर्नलकडून घ्या: /सिस/कर्नल/शेड_ईएक्सटी/स्टेट मध्ये ‘एनेबल्ड’ आणि त्याच फोल्डरातल्या रूट/ऑप्स मध्ये शेड्युलरचं नाव. हे प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा बघायचं. कारण असं: शेड-एक्स्टमध्ये राखणदार आहे. एखादं तयार काम ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ३० सेकंदांत, कोअरवर बसलं नाही तर कर्नल तो शेड्युलर हाकलून देतो आणि सगळी कामं मूळ शेड्युलरकडे परत घेतो. मशीन अडकत नाही, गेम चालू राहतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही; आणि पुढच्या तीन फेऱ्या तुम्ही लॅव्हड समजून ईईव्हीडीएफ मोजता. ‘जर्नलसीटीएल -के’ मध्ये ‘रनेबल टास्क स्टॉल’ असे शब्द दिसले तर हेच झालंय. हाताने उतरवायचा झाला, पडदा गोठला असला तरी, मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) आणि मोठं एस, म्हणजे शिफ्टसह, पुरे. अर्थात सिसआरक्यू आधी चालू केलेलं हवं.

चढतच नसेल तर दोन कारणं जास्त करून सापडतात. जुनी एससीएक्स सेवा आणि नवा लोडर (शेड्युलर चढवणारी सेवा) दोन्ही चालू आहेत. एका वेळी एकच शेड्युलर बसतो, दुसऱ्याला ‘बिझी’ म्हणून परत पाठवलं जातं. नाहीतर कर्नल अपडेट झाला आणि शेड्युलरचं पॅकेज मागे राहिलं. दोन्ही एकत्र अपडेट करायची सवय लावा.

पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेच्या आवाजाची चिंता नको. त्याचे मुख्य थ्रेड रिअल-टाइम वर्गात असतात, शेड-एक्स्ट त्यांना हात लावत नाही.

स्टीम डेक आणि हँडहेल्ड

इथे गणित वेगळं. डेकमध्ये ४ कोअर, ८ थ्रेड आणि सीपीयू-जीपीयू मिळून १५ वॉट. सीपीयूने एक वॉट वाचवला तर तो ग्राफिक्सला मिळतो. लॅव्हड काम हलकं असताना ते मोजक्या कोअरवर गोळा करतो आणि बाकीच्यांना झोपू देतो. म्हणून हँडहेल्डवर लॅव्हडचा ‘ऑटोपायलट’ पर्याय ठेवा. ‘परफॉर्मन्स’ पर्याय सगळे कोअर जागे ठेवतो, तो डेस्कटॉपसाठी. ओएलईडी डेकवर ९० हर्ट्झला फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात; गेम ४५ वर बांधून ठेवला तर बरेचदा शेड्युलरचा प्रश्नच उरत नाही.

जिथे कोअर सारखे नाहीत

रायझन ७९५०एक्स३डीमध्ये आठ-आठ कोअरचे दोन चिपलेट, म्हणजे चिपचे वेगळे तुकडे. एकावर ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती), दुसऱ्यावर ३२. गेमचे थ्रेड या दोहोंत ये-जा करू लागले तर जो फटका बसतो, त्यापुढे बोर की लॅव्हड ही चर्चा किरकोळ आहे. अशा मशीनवर आधी जागा पक्की करा, मग शेड्युलर बघा. ‘एलएससीपीयू -ई’ मधून कुठले क्रमांक कुठल्या एल३ खाली आहेत ते वाचा. प्रत्येकाचा आकार सीपीयूच्या कॅश फोल्डरातल्या ‘इंडेक्स३/साइझ’मध्ये असतो. साधारणपणे ०–७ आणि त्यांचे जुळे १६–२३ मोठ्या कॅशचे निघतात, पण वाचल्याशिवाय धरून चालू नका. मग लाँच ऑप्शनमध्ये:

टास्कसेट -सी ०-७,१६-२३ %कमांड%

एक खोच आहे. प्रोटॉनमधला (विंडोज गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) गेम यानंतरही ३२ थ्रेड आहेत असं समजून ३२ कामगार काढू शकतो आणि ते १६ जागांवर एकमेकांना ढकलतात. त्यासाठी ‘वाइन_सीपीयू_टोपॉलॉजी’ हे चल (मोठ्या अक्षरांत) द्या: आधी संख्या, मग अपूर्णविराम, मग स्वल्पविरामाने क्रमांक. ६.१३ पासून एएमडीचा ड्रायव्हरही कर्नलमध्ये आहे. ‘एएमडी_एक्स३डी_मोड’ या फाइलीत ‘कॅश’ लिहिलं की मोठ्या कॅशच्या कोअरना प्राधान्य मिळतं. बारा-तेराव्या पिढीच्या इंटेलवर पी आणि ई कोअरच्या बाबतीत हाच टास्कसेटचा मार्ग, फक्त ई कोअर पूर्ण वगळू नका असा सल्ला. बऱ्याच गेमचे कामगार थ्रेड तिथे सुखाने चालतात. दोन्ही प्रकारे मोजून ठरवा.

मागच्या कामाला मागे बसवणं

शेड्युलर बदलण्याआधी करायची ही गोष्ट लोक शेवटी करतात, आणि करतात तीही चुकीची. कंपाइलला ‘नाइस १९’ (सर्वांत खालचा अग्रक्रम) देतात आणि म्हणतात, फरक पडत नाही. पडायला हवा: नाइस ० चं वजन १,०२४ आणि १९ चं १५, म्हणजे एकाच कोअरवर समोरासमोर आले तर कंपाइलला दीड टक्काही मिळू नये. पण ऑटोग्रुप चालू असेल तर कर्नल आधी सेशनवार गट पाडतो आणि गटांमध्ये समान वाटणी करतो. नाइस फक्त गटाच्या आत चालतं. टर्मिनल एका गटात, गेम दुसऱ्यात. कंपाइलने आपापसात कितीही नम्रपणा केला तरी गेमला त्याचा उपयोग नाही. सिस्टमडीने पाडलेल्या सीग्रुपचंही (प्रोसेसच्या गटांचंही) तसंच. म्हणून वजन गटालाच लावा:

सिस्टमडी-रन --यूझर --स्कोप -पी सीपीयूवेट=१० मेक -जे१६

(‘सीपीयूवेट’मधलं ‘सीपीयू’ आणि ‘वेट’चं पहिलं अक्षर मोठं.) मूळ वजन १०० असतं, १ ते १०,००० पर्यंत देता येतं. ईईव्हीडीएफ आणि बोरवर ही एक ओळ एखाद्या पॅचपेक्षा जास्त काम करते. मोजून बघा आणि मग ठरवा की शेड्युलर बदलायची गरज उरली आहे का. शेड-एक्स्टच्या शेड्युलरवर मात्र यावर विसंबू नका. गटाचं वजन मानायचं की नाही हे प्रत्येक शेड्युलर आपलं आपण ठरवतो.

उलट दिशेने, गेमलाच फिफो या रिअल-टाइम वर्गात बसवायचा सल्ला कुठे मिळाला तर तो मानू नका. गेममध्ये फिरत राहून वाट बघणारे थ्रेड असतात. रिअल-टाइम वर्गात ते कोअर सोडत नाहीत आणि त्याच कोअरवरचा साधा थ्रेड उपाशी राहतो, कधी तो त्याच गेमचा असतो. अशा वेळी इतरांसाठी कर्नल दर सेकंदाला ५० मिलिसेकंद राखून ठेवतो. ६० हर्ट्झवर ५० मिलिसेकंद म्हणजे सलग तीन फ्रेम. अडखळणं घालवायला गेलात आणि दर सेकंदाचं अडखळणं घरी आणलंत.

गेममोडच्या फाइलीतला ‘सॉफ्टरिअलटाइम’ हा पर्यायही मुख्य कर्नलवर काही करत नाही. त्याला लागणारा वर्ग कोलिवास यांच्या शेड्युलरमध्येच होता.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात

विंडोजमध्ये शेड्युलर बदलता येत नाही. तिथे ० ते ३१ असे अग्रक्रम आहेत आणि वरचा तयार असेल तर खालच्याला जागा नाही. वाटणीचा प्रश्नच नाही. म्हणून मागच्या कामाला टास्क मॅनेजरमधून ‘बिलो नॉर्मल’ करणं तिथे फार परिणामकारक ठरतं. सुमारे चार सेकंद उपाशी राहिलेल्या थ्रेडला विंडोज तात्पुरतं १५ वर उचलतं, त्यामुळे ते काम पूर्ण मरतही नाही. गेमला ‘रिअलटाइम’ मात्र करू नका. माउस-कीबोर्डची कामंही त्याच्यामागे अडकतात.

रजिस्ट्रीतली ‘विन३२प्रायॉरिटीसेपरेशन’ ही किंमत हेक्स २६ करा, असा सल्ला सर्रास फिरतो. घरगुती विंडोजवर मूळची २ ही किंमत त्याच वागणुकीची असते: लहान काप, पुढच्या खिडकीला तिप्पट. बदलून तुम्ही जिथे होता तिथेच राहता. फ्रेमटाइम मोजायला प्रेझेंटमॉन हे साधन वापरा. मोजणीचे वरचे नियम जसेच्या तसे लागू.

मग ठेवायचा कुठला?

फक्त गेम चालतो, मागे काही नाही, कर्नल ६.१२ किंवा पुढचा: ईईव्हीडीएफ, आणि हात जोडून दूर. प्रीएम्प्शन तेवढं ‘फुल’ आहे ना ते /सिस/कर्नल/डीबग/शेड/प्रीएम्प्ट मध्ये कंसात बघा; नसेल तर बूटच्या ओळीत ‘प्रीएम्प्ट=फुल’ जोडा. गेमबरोबर कंपाइल किंवा एन्कोडिंग नेहमीचंच असेल तर आधी सीपीयूवेट, मग बोर. तरीही लांब फ्रेम उरल्या तर लॅव्हड. हँडहेल्डवर लॅव्हड आधी. दोन चिपलेटच्या मशीनवर टास्कसेट आधी, बाकी सगळं नंतर.

लॅव्हड कायमचा ठेवायचा ठरलं तर लोडरच्या टॉमल फाइलीत मूळ शेड्युलर म्हणून त्याचं नाव घाला आणि लोडरची सेवा सिस्टमसीटीएलने चालू करा, म्हणजे बूट झाल्यावर तो आपोआप चढेल. त्यानंतर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ‘स्टेट’ फाइल एकदा वाचायची. तिथे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर एससीएक्सचं पॅकेज अपडेट होईपर्यंत मागचा कर्नल बूट करा.